पत्रावळीएवढी सावली

मनकर्णाबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं, ही गोष्ट घरात सगळ्यांच्या आधी ढवळ्याला कळली.

ढवळ्या म्हणजे भगवंतरावाच्या जोडीतला डाव्या अंगाचा बैल. हाडापेरानं थोराड, स्वभावानं गरीब, अन् कान असे हलवायचा की बोलणाऱ्याला वाटावं, याला सगळं समजून राहिलं आहे. त्या संध्याकाळी भगवंतराव वावरातून आला, हातपाय धुतले अन् ओसरीवर टेकला. चुलीवरच्या भाकरीचा वास बाहेरपर्यंत येत होता. एरवी आतून हाक यायची, "या जेवायले." त्या दिवशी मनकर्णाबाई पदर खोचून बाहेर आली, त्याच्या गुडघ्याजवळून सरळ गोठ्यात गेली अन् बैलासमोर उभी राहून म्हणाली,

"ढवळ्या, तुझ्या मालकाले सांग, भाकर झाली."

ढवळ्यानं कान हलवले. भगवंतराव मुकाट उठला अन् पाटावर जाऊन बसला. सून शकुन वाढत होती. तिनं ओठ दाबून हसू आवरलं. सासऱ्याचं तोंड पाहिल्यावर मात्र तिचं हसू आपोआपच गेलं.

झालं होतं ते असं. सातासमुद्रापल्याड कुठल्याशा मुलखात गोरे गोऱ्यांशीच लढत होते, अन् त्या लढाईपायी वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याची किंमत आली होती. अमरावतीच्या व्यापाऱ्यांची माणसं पूर्णेकाठच्या या गावापर्यंत बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घेऊन येत अन् दारात उभी राहून कापूस मागत. मग लोकांच्या डोळ्यांत कापसावाचून दुसरं काही मावेना. पांदणी नांगरल्या, खळी नांगरली, धुऱ्यावरची, वावराच्या बांधावरची झाडं पाडली. झाडाखाली कापसाची पऱ्हाटी खुजी राहते, हा त्यांचा गुन्हा. त्यात बडनेऱ्याकडं लोखंडी रस्ता येत होता, त्याच्यासाठी लाकूड पाहिजेच होतं. पाडलेलं झाड पडल्या जागीच विकलं जाई.

भगवंतरावाच्या धुऱ्यावर आवळी होती. त्या वैशाखात मनकर्णाबाई माहेरी गेली होती, तिकडं अचलपुराच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. तिची माय खाटेवर पडली होती. इकडं चंद्रभान बापाला म्हणाला, "बाबा, आवळीखाली पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नाई. दुसरीकडं तं मानूस दिसत नाई येवढी होते. कायले ठेवता?" भगवंतरावानं वर पाहिलं. आवळीची बारीक पानं वाऱ्यावर हलत होती. मनात काहीतरी अडलं होतं, नाही असं नाही. पण वावरात नांगर उभा होता, लाकडाचा माणूस उभा होता, पोरगा उभा होता. कुऱ्हाड त्यानं स्वतःच चालवली.

मायची तेरवी करून मनकर्णाबाई परतली तेव्हा तिनं वावराजवळ बंडी थांबवायला सांगितली. उतरली, धुऱ्यावर गेली. खोडाचा बुंधा तेवढा शिल्लक होता, वर रस वाळलेला. तिनं त्याच्यावर हात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग पुन्हा बंडीत बसली अन् म्हणाली, "चाल."

त्यानंतर ती नवऱ्याला उद्देशून एक अक्षर बोलली नाही.

आता कुणी म्हणेल, झाडासाठी एवढं काय. पण ती आवळी नुसतं झाड नव्हती. मनकर्णा लग्न होऊन या घरी आली तेव्हा तिचे दुधाचे दात पुरते पडले नव्हते. रडू आलं की ती धुऱ्यावर पळून जाई अन् आवळीच्या मागं दडून बसे. सासू शोधत येई, पण ओरडत नसे. शेजारी बसे, आवळा फोडून देई, वरून पाणी पाजी. आवळ्यावर पाणी पिलं की तोंड गोड होतं, त्या गोडीत पोरीचं रडणं थांबे. अन् कार्तिकात आवळीचं जेवण असे. गल्लीतल्या साऱ्या बायका झाडाची पूजा करून सावलीत पंगत मांडत, अन् या गावची रीत अशी की त्या दिवशी आधी बायकांनी जेवायचं, वाढायचं पुरुषांनी. वर्षभर मागून जेवणारी मनकर्णा त्या एका दिवशी आधी जेवायची. लहानपणी तिच्या पानात कढी सांडणारा नवरा मोठेपणीही कढी सांडायचाच, अन् ती डोक्यावरचा पदर सावरत हसायची.

ते हसू कुऱ्हाडीनं गेलं. भगवंतरावाला हे हळूहळू समजलं.

पहिला कार्तिक आला. गावात आवळीचं झाड उरलं नव्हतं. चंद्रभाननं शेजारच्या गावावरून एक फांदी तोडून आणली अन् अंगणात मातीत रोवली. बायका जमल्या, सूत गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं. पण फांदी ती फांदी. ऊन चढलं तशी तिची पानं मिटली अन् वाऱ्यासरशी झडायला लागली. शेजारची पार्बताबाई जिभेची मोकळी, ती म्हणाली, "माय व, पानात पानं पडून राह्यले. भाजी कोनती अन् झाड कोनतं, कायी समजतच नाई."

बायका हसल्या. मनकर्णाबाईनं भातावरचं एकेक बारीक पान बोटानं वेचून बाजूला ठेवलं. मग पत्रावळ उचलली अन् न जेवताच ढवळ्यासमोर नेऊन ठेवली. भगवंतराव कढीचं भांडं घेऊन तिथंच उभा होता. कुणाला वाढावं ते त्याला समजेना.

त्या दिवसापासून त्याच्या मनानं एकच धरलं. ही पुन्हा माझ्याशी बोलली पाहिजे, अन् ती बोलायची तर आवळीखाली बसूनच बोलेल.

आवळी आणायची कुठून? त्याच झाडाची पाहिजे, हा त्याचा हट्ट. घरात त्या झाडाचे आवळे होते. फडताळात मातीच्या बरणीत मनकर्णाबाईनं मिठात मुरवून ठेवले होते. एका दुपारी बायका कापूस वेचणीला गेल्या अन् भगवंतराव आपल्याच घरात चोरासारखा शिरला. मूठभर आवळे काढले, गर सोलला, बिया धुतल्या. पुढं काय करायचं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. जन्मभर सरकी पेरलेला माणूस तो. खाट आडवी टाकली, बियांवर शेण-माती घातली अन् खाटेच्या सुंभावर त्या खसाखसा चोळल्या, जशी सरकी चोळतात तशी, लव बसावी म्हणून. आवळ्याच्या बीला लव नसते, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. मग परसात एक तास ओढलं, बोट बुडेल एवढं खोल पेरलं, माती लोटली, वरून पायानं दाबली.

रोज पहाटे तो परसात जाऊन वाकून पाही. काळ्या मातीला वर पापडी धरली, पापडीला भेगा पडल्या, भेगांतून हरळी वर आली. आवळीचं नाव नाही.

मनकर्णाबाईनं बरणी उघडली तेव्हा तिला समजलं. ती गोठ्यात गेली.

"ढवळ्या, घरात उंदीर शिरला बाप्पा. लय मोठा हाय. धोतर नेसते." मग घमेल्यात पेंड कालवता कालवता, ओसरीवरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "मिठात मेलेलं बी हाय थे. त्याले शेन चोळा नाई तं चंदन चोळा. उठते काय मेलेलं?"

भगवंतराव ओसरीवर चिलीम भरत होता. चिलीम तशीच बाजूला ठेवली.

मार्गशीर्षात देवळात कीर्तन लागलं. अकोल्याकडचे एक बुवा आले होते. आवाज असा की झांजा थांबल्या तरी खांब गुणगुणत राहावेत. देवाघरचं देणं, दुसरं काय. सांजवात झाली अन् सारा गाव जमला, पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला. बुवांनी पूर्वरंग आटोपला, शेला कमरेला कसला अन् सांगायला लागले.

"ऐका, मायबाप. देवाच्या मनात आलं, वऱ्हाडातले लोक लय सुखी झाले म्हणतात, जाऊन तं पाहू. आला भर उन्हात चालत. पायांत वहाण नाई. लोक धावले. एकानं कापसाची गादी आणली, देवा बसा. दुसऱ्यानं दोन आणल्या. तिसऱ्यानं गंजीच मोकळी केली. देव म्हणाला, बाबांनो, बसायले लय झालं, पण माझ्या डोक्यावर काय? थोडी सावली द्या. लोकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. म्हणाले, देवा, सावली तं आमी विकली. मग देव काय म्हणाला?"

बुवा थांबले. टाळ थांबले.

"देव म्हणाला, बरं. तुमी बसा गादीवर, मी उभाच राहतो."

लोक खदखदून हसले. पार्बताबाई तर डोळे पुसत हसली. भगवंतरावाला हसू आलं नाही. त्यानं बायकांच्या अंगाला पाहिलं. समईच्या उजेडात मनकर्णाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता अन् तिचे खांदे हलत होते. हसण्यानं हलत नव्हते. बुवांनी गजर धरला, सगळे उठून नाचायला लागले, अन् भगवंतरावही उठला, पण त्याचे पाय काही उचलले गेले नाहीत. हात जोडून तो नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो बंडी जुंपायला निघाला. त्याच झाडाचा हट्ट सोडून डोंगरपायथ्याला जाऊन ताजे आवळे आणावेत, तेही नाही झालं तर दुसरं काही. जू उचललं तेवढ्यात मनकर्णाबाई सूप घेऊन आली. सुपात वाळलेले, काळपट पडलेले आवळे. तिनं सूप ढवळ्याच्या पुढ्यात ठेवलं नाही, उंच, भिंतीवरच्या कोनाड्यात ठेवलं.

"ढवळ्या, हे त्याच झाडाचे होत. केस धुवायले वाळवून ठेवले होते. याइले मीठ लागलं नाई." अन् जाता जाता, "केसाचं काय, शिकेकाईनं बी धुतले जातात."

भगवंतरावानं जू खाली ठेवलं. सूप उतरवून घेतलं. वेचणीनं फाटलेली तिची बोटं त्याला त्या सुपाच्या काठावर दिसत राहिली.

या वेळी त्यानं घाई केली नाही. शकुनचं माहेरही डोंगराच्या अंगाचंच. तिनं डोक्यावरून पदर पुढं ओढून, भिंतीकडं पाहत हळूच सांगितलं, "मामाजी, काळ्या मातीत नका लावू. थे सुकली का फाटते, मुळं तोडते. नदीची वाळू घ्या अन् जुनं खत. अन् बी नखायेवढंच खाली ठेवा."

"तुले कोनं सांगितलं व?"

"माह्या मायनं लावले होते. दोनदा मेले, तिसऱ्यांदा जगले."

फाल्गुनाचं ऊन पडलं तसे त्यानं आवळे घराच्या मातीच्या धाब्यावर पसरले. गर वाळून चामड्यासारखा झाला होता, तो सोलला अन् आतल्या टणक आठोळ्या उन्हात ठेवल्या. त्या आठोळ्या उन्हानं तडकतात, अन् तडकल्या की आतलं बारीक तांबूस बी दूर उडतं. उडून हरवू नये म्हणून त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं अन् वरून पसरलं. मग तो बोडक्यानं शेजारी बसून राहिला. कापडाखाली टक् करून आवाज होई. भगवंतराव मान वळवी. पुन्हा टक्. देवळात बसून नाम ऐकावं तसा तो ऐकत होता.

खालून आवाज आला, "ढवळ्या, मालकाले सांग, डोकं तापल. कोनी खुळा म्हनन."

"ढवळ्या," भगवंतराव धाब्यावरून म्हणाला, "मालकिनीले सांग, म्हनू दे."

खाली चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

पळसाच्या पानांचे द्रोण शकुननं टाचून दिले. रोप मोठं झालं की द्रोणासकट मातीत ठेवायचं, पान आपोआप कुजून जातं, मुळाला हात लागत नाही, हे तिचंच सांगणं. भगवंतरावानं द्रोणांत वाळू-खत भरलं, बी ठेवलं, नखाएवढी माती वरून टाकली अन् परसाच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत ओळीनं मांडले. पाणी झाऱ्यानं घालायचं तर झारा नव्हता. त्यानं गाडग्याला खिळ्यानं भोकं पाडली. पहिल्या खेपेची बरीचशी अतिपाण्यानंच कुजली. मग त्यानं हात आखडला. पाणी घालायचं अन् मातीत बोट खुपसून पाहायचं, बोट ओलं झालं की उठायचं.

चैत्र सरता सरता एका द्रोणात माती उचलल्यासारखी दिसली. मग दोन टिकल्यांएवढी पानं. मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. कोपऱ्यात उकिडवं बसून तो त्यांच्याकडं पाही. रोपाला खरी पानं फुटली तेव्हा तीही तशीच निघाली, आवळीसारखी, कंगव्याच्या दातांसारखी बारीक. "विठ्ठला," एवढंच तो म्हणाला.

ज्येष्ठ लागला. चंद्रभान तिफन घेऊन परसात आला.

"बाबा, हे द्रोण उचला. परसात पाच ओळी बसतात पऱ्हाटीच्या."

"बसतात, तं बसू दे दुसरीकडं."

"दुसरीकडं उरलंच कुठं? साऱ्या गावानं परस पेरले. आपलंच रिकामं. लोक हसून राह्यले."

"हसू दे."

चंद्रभान चिडला. "धुऱ्यावरचं येवढं झाड तुमी तोडलं, अन् आता चार काड्यांपायी परस अडवून बसले."

भगवंतराव उठला नाही. द्रोणातलं गवताचं पातं चिमटीनं उपटत म्हणाला, "म्हनूनच बसलो, बाबू."

चंद्रभाननं तिफन उचलून खांद्यावर टाकली. दाराशी माय उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं अन् बाजूला झाली. तो गेल्यावर तिनं भरलेली घागर परसाच्या उंबऱ्यात आणून ठेवली अन् आत निघून गेली. ढवळ्यालासुद्धा काही सांगितलं नाही.

मध्येच एक द्रोण दिसेनासा झाला. भगवंतरावानं भिंतीच्या बुडाशी पाहिलं, उकिरड्यात पाहिलं. घूस असेल म्हणून त्यानं बाकीच्यांभोवती काटेरी फांद्या रचल्या. श्रावणात रोपं वीतभर झाली. पानं हिरवीगार, दांडी तांबूस. पोळा झाला की लावायची, असं त्यानं मनात ठरवलं.

पोळ्याला वऱ्हाडात बैलासारखा राजा नाही. त्या दिवशी त्याला जू नाही, चाबूक नाही, वाकडा शब्दसुद्धा नाही. भगवंतरावानं ढवळ्याला नदीवर धुतलं, शिंगं रंगवली, पाठीवर झूल घातली, गळ्यात घुंगरं बांधली. तोरणाखालून मिरवून आणल्यावर त्याची वेसण सैल केली, गळ्याचं दावं काढलं. "हिंड बाप्पा, आज तुहा दिवस," असं म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली अन् तो आत पूजेचं ताट पाहायला गेला.

मनकर्णाबाई ताट घेऊन बाहेर आली तर बैल गोठ्यात नव्हता. परसात घुंगरं वाजत होती, सावकाश, खाताना वाजतात तशी.

सगळे धावले. काटेरी फांद्या बाजूला लोटल्या होत्या. द्रोण तुडवले गेले होते. ढवळ्या शेवटचं रोप चावत उभा होता, झुलीवरच्या आरशांत सारं परस चमकत होतं, अन् त्याच्या ओल्या नाकाला आवळीची बारीक पानं चिकटली होती.

चंद्रभानचा हात काठीकडं गेला अन् अर्ध्यातच थांबला. पोळा होता. भगवंतरावानं तोंड उघडलं अन् मिटलं. पोळा होता. मनकर्णाबाई तशीच पुढं झाली. बैलाच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, पुरणाची पोळी तोंडात दिली. मग पदरानं त्याचं नाक पुसता पुसता, नाकावरची पानं हातात घेत हळूच म्हणाली,

"निरोप सांगायले ठेवला होता तुले. खायले नोय. आज बोलता येत नाई. उद्या बोलन."

शकुननं तोंडात पदर कोंबला. भगवंतराव मात्र परसाच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. तुडवलेल्या द्रोणांतली वाळू तो हातानं गोळा करत होता, ती कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो पोळी जेवला, पण गोड लागली नाही.

सकाळी गोठ्यातून आवाज आला. बोलणं ढवळ्याशी होतं, पण आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"ढवळ्या, तूच सांग. सारीच्या सारी रोपं एका मानसाच्या हाती कशी ठेवू? याच हातानं एक झाड गेलं होतं. म्हनून एक उचलून ठेवलं म्या. न्हाणीच्या मागं हाय. जाऊन पाह्य म्हना."

भगवंतराव अनवाणीच गेला. न्हाणीमागं, जिथं अंघोळीचं पाणी झिरपतं तिथं, फुटकं खापर पालथं टेकवून केलेल्या आडोशात द्रोण होता. त्यात रोप. त्याच्या रोपांहून चांगलं बोटभर उंच. द्रोणाचं पान कुजत आलं होतं, म्हणून भोवती दुसरं पान नीट टाचलेलं. रोज कुणीतरी त्याला हात लावला होता, पाणी दिलं होतं, ऊन वळेल तसं खापर वळवलं होतं.

तो तिथंच खाली बसला अन् लेकरासारखा रडला. न्हाणीमागं कुणी पाहत नव्हतं. पाहत असलंच, तर तिनं तसं दाखवलं नाही.

रोप कुठं लावायचं यावरून एक दिवस ढवळ्याला बऱ्याच खेपा कान हलवावे लागले. भगवंतरावाच्या मनात धुऱ्यावरची जुनी जागा होती. "वावरात नको," ढवळ्याला सांगण्यात आलं. "वावराचा भरोसा नाई. चुलीपुढून दिसन असं लाव म्हना." मग परसाच्या मधोमध खड्डा झाला. काळी माती बाहेर काढली, वाळू-खत आत घातलं, अन् द्रोणासकट रोप जमिनीत गेलं. भोवती तुराट्यांचं कुंपण आलं, असं दाट की ढवळ्याच काय, ढवळ्याची जीभसुद्धा आत जाऊ नये.

दोन पावसाळे गेले. तिकडची लढाई मिटली म्हणे, अन् व्यापाऱ्यांची माणसं दारात यायची थांबली. कापूस घेऊन लोक स्वतःच अमरावतीला जाऊ लागले अन् भरल्या बंड्या घेऊन परतही येऊ लागले. परसांतली पऱ्हाटी उपटली गेली. उघड्या परसात दुपारी बाज टाकायला सावली नाही, हे लोकांना तेव्हा दिसलं.

पहिली आली पार्बताबाई. "भगवंतभाऊ, मले बी एक आवळी करून द्या ना."

"आवळीले येळ लागते बाई. तुले कडूनिंब देतो. उन्हाळ्यात मांगशील तितकी सावली."

"द्या. पन तुमच्या बैलाले आधी सांगून ठेवा, हे पार्बतीचं हाय म्हना."

मग त्याचं ते कामच झालं. निंबोळी पडली की त्याच आठवड्यात मातीत घालायची, ती फार दिवस टिकत नाही. बेलाचं फळ फोडून चिकटा धुऊन काढायचा, बी सावलीत सुकवायचं. एकाचं बी ऊन सोसेना इतकं कोवळं असतं, अन् दुसऱ्याला रात्रभर भिजवल्याशिवाय जाग येत नाही. चुकत, मारत, पुन्हा लावत तो शिकला. गावातली फुटकी गाडगी अन् शकुनचे द्रोण भिंतीखाली ओळीनं लागले. कुणाच्या न्हाणीजवळ बेल गेला, कुणाच्या दाराशी निंब. चंद्रभानही न सांगता नदीवरून वाळू आणून टाकू लागला.

ढवळ्या मात्र थकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळे. त्याला आता जुंपत नसत. भगवंतराव त्याला आपल्या हातानं कडबा बारीक करून घाली अन् मनात म्हणे, देवा, याला सांभाळ. हा गेला तर ही मुकीच होईल.

कार्तिक आला. आवळी भगवंतरावाच्या छातीला लागत होती. मनकर्णाबाईनं गल्लीत निरोप धाडला, जेवण परसात.

बायका आल्या, झाडाकडं पाहू लागल्या. पार्बताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय व मनकर्णा, येवढ्याशा झाडाखाली कोन बसन? आपल्यातली एकटी बी मावत नाई."

"मावल तेवढ्यानं बसू," मनकर्णाबाई म्हणाली. तिनं बुंध्याला पाणी घातलं, हळद लावली, घरच्या कापसाचं सूत गुंडाळलं, सैल, कोवळ्या सालीला काच पडू नये असं. मग सगळ्या उन्हातच गोल बसल्या. चंद्रभान भात वाढत होता, भगवंतराव कढी. त्यानं मनकर्णाबाईच्या पानात कढी वाढली अन् ती सांडली, द्रोणाबाहेर, थेट तिच्या लुगड्यावर.

बायका थांबल्या. मनकर्णाबाईनं लुगड्याकडं पाहिलं. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिनं पदर सावरला अन् पहिला घास घेतला. सावकाश चावला, गिळला. मग दुसरा घेतला. पोटभर जेवली.

बायकांचं उरकलं. मनकर्णाबाईनं आवळीच्या बुडाशी एक कोरी पत्रावळ मांडली. पुरणाची पोळी, वांग्याचं भरीत, भात वाढला. भगवंतराव रिकामं भांडं घेऊन दूर उन्हात उभा होता, डोळ्यांवर हात धरून.

"काहून उन्हात उभे? इकडं या. बसा जेवायले."

भगवंतरावानं सवयीनं मान वळवून गोठ्याकडं पाहिलं. ढवळ्या डोळे मिटून रवंथ करत बसला होता. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

"त्याले नाई म्हनून राह्यली," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमाले म्हनून राह्यली."

तो आला. पाय वाजू नयेत असा आला अन् पानासमोर बसला. झाडाची सावली तेवढी ती केवढी, पत्रावळीएवढी. पोळी सावलीत होती, त्याचं डोकं उन्हात. त्यानं घास मोडला, पण तोंडाशी नेता येईना.

"जेवा," ती म्हणाली. "थंडं होऊन राह्यलं."

त्यानं घास घेतला. दिवस कलत होता, सावली हळूच पानावरून सरकली अन् भाताला ऊन लागलं. मनकर्णाबाईनं हात पुढं केला अन् पत्रावळ उगवतीकडं ओढून पुन्हा सावलीत आणली. तो पानामागं सरकला. थोड्या वेळानं सावली पुन्हा सरकली. तिनं पुन्हा पान ओढलं.